उभ्या गाडीचे टायर

आश्विन वद्य पंचमीला तिवसा तालुक्यातल्या गुरुकुंज मोझरीत पाय ठेवायला जागा नसते. राष्ट्रसंत तुकडोजी महाराज गेले ते ११ ऑक्टोबर १९६८ला. तिथीने त्यांची पुण्यतिथी दिवाळीच्या दहाएक दिवस आधी येते आणि दुपारी ४ वाजून ५८ मिनिटांनी लाखोंचा समुदाय मौन श्रद्धांजली वाहतो. त्या दिवसांत नागपूर-अमरावती महामार्गाच्या दोन्ही अंगांना, मोकळ्या वावरांत, गाड्याच गाड्या असतात. ट्रक, आयशर, चारशेसात, शाळेतून निवृत्त झालेल्या बस, ट्रॅक्टर-ट्रॉल्या. फाळका पाडलेला असतो, आत फळ्या टाकून माळा केलेला. माळ्यावर गाद्या-सतरंज्या, खाली गंज, पराती, तांदळाचे कट्टे, सिलिंडर, एका कोपऱ्यात टाळ-मृदंग. टपावर ताडपत्री आणि तंबूचे बांबू. बाजूला नळ लावलेली पाण्याची टाकी. चार-पाच दिवस तीच गाडी घर असते.

परदेशात ज्याला मोटारहोम म्हणतात ती वस्तू तिवस्याच्या रस्त्यावर क्वचित दिसेल. महाराष्ट्र सरकारने २०२१ साली कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं. आत पलंग, ओटा आणि संडास असलेल्या गाड्या त्यातून राज्यात फिराव्यात अशी कल्पना होती. कल्पना चांगलीच आहे. पण गाडीत राहून प्रवास करणारा मोठा वर्ग आपल्याकडे धोरणाआधीपासून आहे. दिंडीचा सामानाचा ट्रक, यात्रा कंपनीची स्वयंपाकघर पोटात घेऊन काशी-रामेश्वर करणारी बस, जत्रेजत्रेने फिरणाऱ्या तंबू-टॉकीजची गाडी, पंजाबातून सोंगणीला येणारी हार्वेस्टरवाल्यांची जीप आणि ट्रक. याच तालुक्यातल्या कौंडण्यपूरहून रुक्मिणीमातेची पालखी पंढरपूरला जाते. सदाराम महाराजांनी ती १५९४ साली सुरू केली, असं परंपरा सांगते. पायी चालणाऱ्यांच्या पुढे आज सामानाच्या गाड्या जातात. मुक्कामाला आधी पोचून चूल पेटवणं हे त्यांचं काम.

या साऱ्या गाड्यांची एक खोड सारखी आहे. त्या चालतात कमी, उभ्या राहतात फार. आषाढीला पंढरपूर, आश्विनात मोझरी, कार्तिकात आणखी एखादी खेप, मध्ये कुणाच्या लग्नाचं सामान. वर्षाकाठी सारं मिळून काही हजार किलोमीटर. माल वाहणारा ट्रक तेवढं अंतर एका महिन्यात कापतो. उरलेले दिवस ही गाडी निंबाखाली किंवा मंदिरामागच्या उघड्या जागेत उभी असते. म्हणून तिचे टायर घासून मरत नाहीत, उभ्या-उभ्या मरतात. आणि घासलेला टायर ओळखायला शिकलेली आपली नजर उभ्या-उभ्या मेलेला टायर ओळखत नाही.

टायरच्या दुकानात ऐकू येणारा नेहमीचा सवाल असतो, "नक्षी तं सारी शाबूत हाये, मंग काऊन बदलाचा?" सवाल रास्त वाटतो, कारण टायर म्हणजे नक्षी अशीच आपली समजूत. नक्षी गेली की टायर गोटा झाला, तो काढायचा. कायदाही तसंच सांगतो. केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या ९४व्या नियमाप्रमाणे ट्रक, बस, मोटार यांच्या टायरची नक्षी किमान १.६ मिलिमीटर खोल असली पाहिजे. हे मोजायला यंत्र लागत नाही; खाचेच्या तळाशी कंपनीने उंचवटे ठेवलेले असतात, नक्षी झिजून त्यांच्या बरोबरीला आली की टायर संपला. पण हा नियम खोली विचारतो, वय विचारत नाही.

वय टायरवरच लिहिलेलं असतं. त्यासाठी खाली बसावं लागतं, ओलं फडकं घ्यावं लागतं आणि सकाळच्या तिरप्या उन्हात किंवा मोबाइलच्या उजेडात बाजू नीट पाहावी लागते. चिखल आणि जुन्या पॉलिशचा थर पुसला की लंबगोल चौकटीत चार आकडे उमटलेले दिसतात. ३२१७ म्हणजे २०१७ सालचा बत्तिसावा आठवडा. हा शिक्का टायरच्या एकाच बाजूला पूर्ण असू शकतो, आणि जोडचाकांत तो नेमका आतल्या बाजूला तोंड करून बसलेला सापडतो. मग गाडीखाली सरकायचं. शिक्का सापडेपर्यंत हार मानायची नाही, कारण बाकी सारा हिशेब त्याच्यावर आहे. शिक्क्यात चारऐवजी तीनच आकडे दिसले तर टायर २००० सालाच्या आधीचा. तो त्याच दिवशी काढायचा.

शिक्का वाचून झाला की त्याच बैठकीत बोटाने टायरची बाजू चाचपावी. नव्या रबराला एक तुकतुकी असते, नखाने दाबलं तर ते किंचित दबतं. म्हाताऱ्या रबरावर केसासारख्या बारीक चिरा असतात. कडेच्या खोबणीत, अक्षरांच्या भोवती, नक्षीच्या तळाशी. हवा भरलेली असताना त्या मिटलेल्या वाटतात. टायर दबला की उघडतात. उन्हाकडची बाजू आणि सावलीकडची बाजू यांत फरक दिसतो. वर्षानुवर्षं एकाच निंबाखाली, एकाच दिशेला तोंड करून उभ्या असलेल्या गाडीचे डावे टायर उजव्यांपेक्षा अधिक चिरलेले असले तर नवल नाही.

रबराला ऊन, हवेतला ऑक्सिजन आणि ओझोन हळूहळू खातात. त्यांना अडवणारी रसायनं आणि एक प्रकारचं मेण टायर बनवतानाच रबरात मिसळलेलं असतं. टायर फिरतो, दबतो, तापतो, तेव्हा हे मेण आतून पृष्ठभागावर येत राहतं आणि ओझोनला आडवं येतं. गाडी उभी राहिली की मेण वर येणं मंदावतं, ऊन मात्र सुट्टी घेत नाही. शिवाय एकाच जागी महिनोन्महिने वजन पडून टायर खालून चपटा बसतो. वऱ्हाडच्या काळ्या मातीत आणखी एक भानगड आहे. पावसाळ्यात ती फुगते, चाक रुततं, टायरभोवती ओला चिखल बसून राहतो. उन्हाळ्यात तीच माती भेगाळते आणि चाकाखाली वजन एका कडेवर येतं. गळकं डिझेल, ग्रीस आणि टायर चमकवायला लावलेलं पेट्रोलजन्य पॉलिश हेही रबराचे वैरीच. चमकता टायर तब्येतीने चांगला, हा समज आधी सोडावा.

उभं राहण्याचे काय परिणाम होतात ते महाराष्ट्राने अलीकडे दोनदा पाहिलं. मार्च २०२०च्या टाळेबंदीत साऱ्याच गाड्या जागेवर थिजल्या. पुढे २०२१च्या दिवाळीच्या तोंडावर एसटीचा संप सुरू झाला आणि २०२२च्या एप्रिलपर्यंत हजारो लाल गाड्या आगारांत उभ्या होत्या. अशा वेळी चावी फिरवली आणि गाडी निघाली असं होत नाही; बॅटरी, ब्रेक, टायर सारं पाहावं लागतं. एसटीकडे त्यासाठी आगारं, कार्यशाळा, टायरांवर पुन्हा रबर चढवण्याचे स्वतःचे प्रकल्प आणि प्रत्येक टायरची नोंद ठेवण्याची जुनी शिस्त आहे. दिंडीच्या ट्रकला यातलं काही नसतं. त्याची कार्यशाळा म्हणजे आषाढीच्या आदल्या आठवड्यात बोलावलेला पंक्चरवाला.

वयामुळे काय होतं याचा सर्वांत कडू धडा इंग्लंडमध्ये मिळाला. १० सप्टेंबर २०१२च्या रात्री संगीत महोत्सवाहून तरुणांना घेऊन लिव्हरपूलकडे परतणारी एक बस सरे परगण्यातल्या हाइंडहेडजवळ झाडावर आदळली. तिघे गेले. पुढचा टायर फुटला होता आणि तो १९ वर्षांहून जुना निघाला. नक्षी कायद्यात बसत होती, म्हणजे तपासणीत तो नापास झालाच नसता. मृतांतल्या मायकेल मोलॉय या अठरा वर्षांच्या मुलाची आई फ्रान्सेस मोलॉय यांनी त्यानंतर वर्षानुवर्षं लढा दिला. अखेर १ फेब्रुवारी २०२१पासून ब्रिटनमध्ये ट्रक आणि बसच्या पुढच्या आसावर दहा वर्षांहून जुना टायर लावायला बंदी आली.

दुसरा धडा खुद्द मोटारहोमचाच आहे. अमेरिकेत गुडइयर कंपनीचा जी-१५९ नावाचा टायर मुळात शहरात माल पोचवणाऱ्या ट्रकांसाठी होता. तो मोठ्या मोटारहोमना बसवला गेला. त्या गाड्या जड, आणि तासन्‌तास महामार्गाच्या वेगाने पळणाऱ्या. उष्णता साठत गेली, नक्षीचा थर सुटण्याच्या तक्रारी आल्या. १९९८ ते २०१५ या काळातल्या अपघातांत आठ मृत्यू आणि ६९ जखमी, अशी नोंद तिथल्या रस्ता सुरक्षा विभागाने मांडली. कंपनीने टायरमध्ये दोष असल्याचं मान्य केलं नाही. हवा कमी किंवा वजन जास्त असेल तर धोका आहे असं म्हणत २०२२ साली तिने सुमारे १ लाख ७३ हजार टायर परत मागवले. तोवर त्यांचं उत्पादन थांबूनही जवळपास वीस वर्षं झाली होती. इतके जुने टायर अजून कुठल्या ना कुठल्या अंगणात, नक्षी शाबूत, उभे असतील या भीतीनेच ते परत मागवावे लागले. एका कामाला टायर नीट चालेल, पण कामाचा प्रकार बदलला की तोच टायर बेभरवशाचा होतो, हे आपल्याकडच्या गाड्यांनाही लागू आहे.

आता वजनाकडे येऊ, कारण इथे आपली मंडळी सर्वांत जास्त फसतात. सामानाची गाडी भरताना कुणी मापत नाही. पाणी हलकं वाटतं; पण हजार लिटरची टाकी भरली की एक टन झाला, आणि टाकी नेहमी मागच्या टोकाला, एका बाजूला. घरगुती गॅसच्या सिलिंडरमध्ये १४.२ किलो गॅस, लोखंडासकट तीसेक किलो. दहा सिलिंडर, तांदूळ-पिठाचे कट्टे, पितळी गंज, जनरेटर. कोरडा तंबू चौघं उचलतात, आषाढातल्या पावसात भिजला की आठ जण लागतात. आणि माळ्यावर बसलेली माणसं. मालवाहू गाडीत माणसं बसवणं बेकायदा आहे, हे सगळ्यांना ठाऊक आहे आणि मोझरीच्या रस्त्यावर सगळ्यांना दिसतंही. ती माणसं ज्या टायरांवर बसलेली असतात त्यांची चौकशी निदान आणखी कडक हवी, एवढंच इथे म्हणतो.

वजन कळायला काटा आहे. वऱ्हाडात कापसाच्या जिनिंगमुळे वजनकाट्यांना तोटा नाही. यात्रेला निघायच्या आदल्या दिवशी गाडी पूर्ण भरून, टाकी भरून, काट्यावर न्यावी. आधी फक्त पुढची चाकं काट्यावर, मग पूर्ण गाडी, मग फक्त मागची. तीन पावत्या, चहाच्या खर्चात. जमलं तर डावी-उजवी बाजूही वेगळी पाहावी, कारण टाकी एका बाजूला असली की गाडीचं एकूण वजन मर्यादेत असूनही एका जोडीवर भार चढलेला असतो.

आता टायरवरचे आकडे वाचायचे. मोठ्या बसला सर्रास असणारं माप म्हणजे २९५/८० आर २२.५. त्याच्या पुढे १५२/१४८ असं काहीसं असतं. हे भार-निर्देशांक. १५२ म्हणजे टायर एकटा असेल तर ३,५५० किलो, १४८ म्हणजे जोडीत असेल तर प्रत्येकी ३,१५०. मागे चार टायर, म्हणजे १२,६०० किलो. २०१८ साली केंद्राने चार टायरांच्या एकेरी आसाची मर्यादा १०.२ टनांवरून ११.५ टनांवर नेली. या टायरला ती पेलते. आता जुन्या ट्रकचा १०.०० आर २० घ्या. त्यावर १४६/१४३ असेल तर जोडीत प्रत्येकी २,७२५, चारांचे १०,९०० किलो. म्हणजे कायद्याने ११.५ टन चालतात म्हणून कुणी भरले तर टायर आधीच हरलेला. गाडीच्या नोंदणी पुस्तकातलं वजन आणि टायरवरचा आकडा, या दोन्हींत जो लहान ती खरी मर्यादा; काट्यावरचं वजन तिच्या आत हवं. लहान गाड्यांच्या ७.५० किंवा ८.२५-१६ टायरवर हीच वजाबाकी करावी. तिथे तर मोकळीक आणखी कमी असते, कारण चारशेसातला दहा चाकी ट्रकाइतकं सामान मावतं असा आपला दृढ विश्वास आहे.

निर्देशांकाशेजारचं अक्षर वेगाचं. जे म्हणजे १००, के म्हणजे ११०, एल म्हणजे १२० किलोमीटर. गावातून आषाढीला जाणारी गाडी पूर्वी जुन्या रस्त्याने, खड्डे चुकवत, तीस-चाळीसने जायची. हे अक्षर पाहायची गरजच नव्हती. आता तिवस्यावरून जाणारा जुना सहा नंबर, आजचा ५३, चौपदरी झालाय. त्याच्याच अमरावती-अकोला टप्प्यात जून २०२२मध्ये ७५ किलोमीटर डांबरीकरण १०५ तास ३३ मिनिटांत करून गिनीज विक्रम झाला. धामणगावच्या बाजूने समृद्धी महामार्गावर चढता येतं. नागपूर ते शिर्डी हा त्याचा टप्पा डिसेंबर २०२२ला खुला झाला आणि ५ जून २०२५ला ७०१ किलोमीटरची वाट मुंबईच्या दाराशी पोचली. समृद्धीवर ना खड्डा, ना गाव, ना गतिरोधक. टायरला थंड व्हायला उसंत मिळत नाही. मे महिन्यात अकोल्याचा पारा ४५च्या पुढे जातो तेव्हा काँक्रीटचा पृष्ठभाग हवेपेक्षा कितीतरी जास्त तापलेला असतो. परिवहन विभागाने २०२३पासून त्या रस्त्यावर टायर तपासून गाड्या सोडायला सुरुवात केली ती उगाच नाही. पण तपासणारा नक्षी पाहणार. तारीख तुम्ही पाहायची.

एक गोष्ट मात्र सांगितली पाहिजे. "टायर फुटला" हे आपल्याकडे अपघाताचं सर्वांत सोयीचं कारण आहे. १ जुलै २०२३ला सिंदखेड राजाजवळ समृद्धीवर खासगी बस पेटून २५ जण गेले, तेव्हाही पहिलं कारण तेच सांगितलं गेलं. अमरावतीच्या प्रादेशिक परिवहन कार्यालयाच्या पाहणीत टायर फुटल्याची खूण आढळली नाही. डुलकी, वेग, लांबच लांब सरळ रस्त्यावरची बधिरता, ही कारणं टायरच्या नावाखाली झाकली जातात. म्हणून मी टायरवर लिहितो आहे याचा अर्थ सारं पाप टायरचं, असा कुणी घेऊ नये.

दुकानात गेल्यावर पहिला प्रश्न नायलॉन की रेडियल. नायलॉनची बाजू जाड, दणकट. बांधावरून, बाभळीच्या काट्यांतून, दगडांतून गाडी न्यायची असेल तर ती बरी, आणि किंमतही कमी. पण वेगात ती जास्त तापते. रेडियलच्या नक्षीखाली पोलादी पट्टे असतात, तो गार चालतो, डिझेल वाचवतो. बाजूला मात्र टोकदार दगड लागला की चिरतो, आणि हवा कमी चालवून घेत नाही. ज्यांना समृद्धीवर किंवा ५३ वर सलग पळायचं आहे त्यांनी रेडियल घ्यावा, असं माझं मत. एका आसावर दोन्ही मिसळू नयेत. ट्यूबलेसची हवा काटा लागला तरी हळू उतरते, चालकाला सावरायला वेळ मिळतो. ट्यूबचं पंक्चर कुठल्याही गावात निघतं. जुन्या डिस्कवर ट्यूबलेस बसवण्याचा जुगाड करणाऱ्याला दुकानाबाहेर काढावं.

रबर चढवलेल्या टायरबद्दल लोकांच्या मनात एकतर आंधळं प्रेम असतं नाहीतर आंधळी भीती. टायरचा सांगाडा तरुण असेल आणि नक्षी वर्षभरात घासून गेली असेल, तर त्यावर रबर चढवणं शहाणपणाचं आहे. एसटी तेच करते आणि त्यावर करोडो लोकांना फिरवते. आपल्या गाडीचं गणित उलटं आहे. नक्षी नवी, सांगाडा म्हातारा. तिला रबर चढवण्यात काही अर्थ नाही. आणि पुढच्या चाकांना तर कधीच नाही.

विक्रेता सांगेल, हा घ्या, लाख किलोमीटर चालतो, थोडा महाग आहे. वर्षाला तीन-चार हजार किलोमीटर चालणाऱ्या गाडीला लाख किलोमीटरचा टायर म्हणजे तिसऱ्या पिढीसाठी केलेली खरेदी. टायर त्याआधीच वयाने बाद होणार. त्यापेक्षा नावाजलेल्या कंपनीचा साधा टायर घ्यावा, पण ताजा. गेल्या सहा महिन्यांतला शिक्का मागावा. दुकानदार कुरकुरतो, कारण गोदामातला दोन वर्षं पडून असलेला माल त्यालाही खपवायचा असतो. भारतीय मानकाचा शिक्का तपासावा. ट्रक-बसच्या टायरसाठी तो आयएस १५६३६ या क्रमांकाने असतो. बिलावर प्रत्येक टायरचे चार आकडे लिहून घ्यावेत. २२ सप्टेंबर २०२५पासून टायरवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ वर आला, त्यामुळे सहा टायरांचा संच घेताना बऱ्यापैकी पैसे वाचतात. तरी जी गाडी थेट आषाढीलाच हलणार आहे तिला दिवाळीत नवे टायर घालून आठ महिने उन्हात उभं करण्यात शहाणपण नाही, ज्येष्ठात घ्या.

किती वर्षांनी बदलायचे? पाच वर्षांनंतर दरवर्षी जाणत्याकडून कसून तपासून घ्यायचा आणि दहा वर्षं झाली की नक्षी कशीही असो, काढायचा, असा मिशेलिनसारख्या कंपन्यांचा सल्ला आहे. वऱ्हाडचं ऊन धरलं तर मी सातावर थांबेन, पुढच्या चाकांना सहावर. हा नियम नाही, माझा अंदाज आहे. पण पुढचा टायर फुटल्यावर स्टिअरिंग हाताबाहेर जायला फार वेळ लागत नाही, हा अंदाज नाही.

जोडचाकांचं प्रकरण वेगळं. दोन्ही टायर एकाच मापाचे, एकाच जातीचे आणि झिजेनेही जवळपास सारखे हवेत. एक नवा, एक जुना लावला की उंच असलेला नवा सारा भार घेतो आणि बुटका जुना रस्त्यावर घासत जातो. आतल्या टायरची हवा कुणी पाहत नाही, कारण व्हॉल्व्हपर्यंत हात जात नाही. तो बसला तरी बाहेरचा गाडी तोलून धरतो, दोघांचं वजन एकट्याने वाहतो आणि दीडशे किलोमीटरवर कुठेतरी फुटतो. लांब व्हॉल्व्हची नळी शे-दोनशे रुपयांत मिळते, ती बसवून घ्यावी. ढाब्यावर उतरल्यावर जुने चालक लोखंडी रॉडने प्रत्येक टायर ठोकून पाहतात. भरलेला टायर टणकन वाजतो आणि रॉड उसळतो, बसलेला ठप्प आवाज देतो. पंधरा-वीस पौंडांचा फरक या आवाजाला कळत नाही, म्हणून मीटर लागतंच. पण आतला टायर पार बसलाय हे कळायला रॉडइतकं झटपट काही नाही. त्याच वेळी दोन टायरांच्या मध्ये अडकलेला दगडही काढावा.

हवा सकाळी, गाडी हलण्याआधी पाहायची. १२० पौंडांच्या टायरमध्ये तापमान दहा अंशांनी वाढलं की हवा चार-साडेचार पौंडांनी चढते, आणि चालून तापल्यावर आणखी. दुपारी थांबून "हवा जास्त झाली" म्हणून ती कमी करणं ही आपल्याकडची फार जुनी आणि फार घातक सवय आहे. संध्याकाळी टायर गार झाला की तो कमी हवेवर उभा असतो. नायट्रोजन भरला तर वाईट काही नाही, पण साध्या हवेतही ७८ टक्के नायट्रोजनच असतो. ज्याला महिन्यातून एकदा मीटर लावायचा कंटाळा आहे त्याला नायट्रोजन वाचवणार नाही.

स्टेपनी तर कुणाच्या हिशेबातच नसते. ती गाडीसोबत आलेली, कधीच न वापरलेली, म्हणून सगळ्यांच्या लेखी ती नवी. प्रत्यक्षात गाडीतली सर्वांत जुनी वस्तू तीच असते. रात्री अकराला, माणसं खाली उतरवून, पावसात, जॅक लावून हीच बारा वर्षांची नवी कोरी स्टेपनी पुढच्या चाकाला चढवली जाते. नवे टायर घेताना सहा नव्हे, सात मोजावेत.

यात्रा संपल्यावर गाडी उभी करायची तर फळ्या किंवा फरशी टाकून, काळ्या मातीपासून वर. हवा पूर्ण भरलेली, पाण्याची टाकी रिकामी, सामान उतरवलेलं. टायरांवर गोणपाट किंवा ताडपत्री. महिन्यातून एकदा दहा-पंधरा किलोमीटर चक्कर. ज्यांना जमेल त्यांनी आसाखाली लाकडी ठोकळे देऊन चाकं उचलून ठेवावीत. काढलेला म्हातारा टायर मात्र "ट्रॉलीला चालतो" म्हणून शेजाऱ्याला देऊ नये. त्याच ट्रॉलीत पुढच्या महिन्यात सोयाबीन सोंगायला निघालेल्या बाया बसणार असतात. करवतीने आडवा कापून मगच तो भंगारात द्यावा; घेणारा दोन पैसे कमी देईल.

या साऱ्यात खरी अडचण पैशाची नाही, पैसा कुठे लावायचा याची आहे. दिंडी वर्गणीवर चालते. गावोगावी दाते पुढे येतात: कुणी एका मुक्कामाचं अन्नदान घेतो, कुणी तंबू, कुणी ताट-वाट्या, कुणी पिण्याच्या पाण्याची टाकी. गंजावर नाव कोरता येतं, टाकीवर रंगवता येतं, पंगतीत माइकवरून पुकारता येतं. मोठ्या बसचा एक टायर वीस हजारांच्या पुढे जातो, आणि तो कुणी देत नाही, कारण त्यावर कुणाचं नाव टाकायचं? यात दात्यांचा दोष नाही. त्यांना कुणी मागितलेलंच नाही. मंडळाच्या सभेत टायरचा विषय निघतो तो टायर फुटल्यावर.

म्हणून तिवसा, चांदूर, मोर्शी, वरुड, अकोला, कुठल्याही गावच्या दिंडी मंडळांना आणि त्यांच्या दात्यांना विनंती आहे. पुढच्या आषाढीची वर्गणी गोळा करायला बसाल तेव्हा अन्नदान, पाणी आणि औषधं यांच्याखाली एक ओळ टायरांची घाला, सात नगांची. आणि पावती फाडताना दात्याच्या नावासमोर टायरचे ते चार आकडेही लिहून ठेवा, म्हणजे सात वर्षांनी दप्तर उघडणाऱ्याला गाडीखाली सरकावं लागणार नाही.